व्हॅलिडेटरला न दिसणाऱ्या चुका

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मोठ्या वेबसाइटांनी एचटीएमएलचे नियम पाळायलाच पाहिजे का, यावर तुमच्या वाचकांच्या पानावर दोन पत्रं आली. पहिल्यात एका गृहस्थांनी मोठमोठ्या कंपन्यांची होमपेजं व्हॅलिडेटरमध्ये टाकली आणि लाल एररची यादी पाहून त्यांचा पारा चढला. दुसऱ्यात एका इंजिनिअर मुलाने उत्तर दिलं की साइट उघडते ना, तिकीट निघतं ना, पैसे कटतात ना, मग काहून टेन्शन घ्यायचं. मी नागपूरच्या महाल भागात ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान चालवतो आणि फावल्या वेळात दुकानदारांच्या छोट्या साइटा बनवतो, म्हणजे कोड लिहिणाराही मीच आणि दुसऱ्याच्या कोडपायी दिवसभर डोकं धरून बसणाराही मीच, म्हणून जरा लांबलचक लिहून राह्यलो, कापायचं ते कापा.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एचटीएमएल म्हणजे वेबपेज लिहायच्या खुणा, त्यांनाच टॅग म्हणतात, हे हेडिंग, हा परिच्छेद, हे बटण, हा फोटो असं ब्राउझरला सांगायचं. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 1990 च्या आसपास ही भाषा काढली, मग 1994 मध्ये त्यांनीच डब्ल्यूथ्रीसी नावाची संस्था उभी केली आणि नियम तिथे ठरायला लागले. 2004 मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेरावाल्यांनी व्हॉटडब्ल्यूजी नावाचा वेगळा गट काढला, बरीच वर्षं दोघांची दोन पुस्तकं चालली, शेवटी 2019 मध्ये समझोता होऊन एकच पुस्तक ठरलं. व्हॅलिडेटर म्हणजे डब्ल्यूथ्रीसीचं फुकटचं साधन, पानाचा पत्ता टाकला की कुठे कुठे नियम मोडला ते दाखवतं.

आता त्या मुलाचं म्हणणं आधी घेऊ, कारण त्यात बरंच खरं आहे. चुकीचा कोड आला म्हणून ब्राउझर रुसून बसत नाही, पहिल्यापासूनच नाही. टॅग बंद करायचा राहिला तरी तो अंदाज लावतो आणि पान दाखवतो. जुना घोळ असा होता की प्रत्येक ब्राउझरचा अंदाज वेगळा, त्यामुळे एकात नीट दिसलेलं पान दुसऱ्यात अस्ताव्यस्त. एचटीएमएल 5 लिहिणाऱ्यांनी काही वर्षं खपून हे अंदाजच लिहून काढले, म्हणजे कोड असा मोडका आला तर सगळ्यांनी तो असाच समजायचा, चूक कशी निस्तरायची त्याचाही नियम झाला! आज क्रोम असो की फायरफॉक्स, अर्धवट टॅग दोघांनाही सारखाच कळतो.

उलटा प्रयोग पण होऊन गेला आहे. 2000 मध्ये एक्सएचटीएमएल नावाचं एचटीएमएलचं नवं रूप आलं, त्यात कडक शिस्त होती, खऱ्या अर्थाने वापरलं तर एक टॅग चुकला की अख्खं पान बंद आणि समोर फक्त एररचा संदेश. इंटरनेट एक्सप्लोररला तर ते त्या पद्धतीने 2011 पर्यंत उघडताच येत नव्हतं. लोकांनी वर वर एक्सएचटीएमएल म्हटलं आणि आत जुन्याच पद्धतीने चालवलं. त्याची पुढची आवृत्ती डब्ल्यूथ्रीसीने 2009 मध्ये गुंडाळून ठेवली. एवढ्या एका गोष्टीवरून कळतं की जगातलं प्रत्येक पान बिनचूक करून घेऊ म्हणणारे किती दूर होते.

आणि गूगलचं उदाहरण तर सगळेच देतात, की बघा तेच टॅग बंद करत नाहीत. अरे पण परिच्छेदाचा बंद करायचा टॅग, यादीतल्या ओळीचा बंद करायचा टॅग, हे सोडून द्यायला नियमांतच परवानगी आहे. गूगलने आपल्या लोकांसाठी कोड कसा लिहायचा याच्या सूचना उघड ठेवल्या आहेत, त्यात पानाचं वजन कमी करायला असे टॅग गाळायचा विचार करा असं लिहिलं आहे आणि त्यातच शक्य तिथे नियमाला धरून एचटीएमएल लिहा असंही लिहिलं आहे. पहिलं वाक्य सगळ्यांना पाठ आहे, दुसरं कोणीच वाचत नाही.

मग पहिल्या पत्रातले काका चुकले म्हणायचं का? मला वाटतं त्यांचा राग बरोबर होता, पण तो मोजायला त्यांनी जो काटा घेतला तो ह्या कामाचा नाही. व्हॅलिडेटरच्या यादीत जुन्या पद्धतीने रंग दिला म्हणूनही लाल आणि फोटोला वर्णन (ज्यांना दिसत नाही त्यांना वाचून दाखवायचं) नाही म्हणूनही लाल, दोन्ही एकाच मापाचे. आणि ज्या चुकांमुळे माणूस खरोखर अडतो त्यातल्या कितीतरी तो पकडतच नाही. फॉर्मच्या डब्याला लेबल जोडलं नाही तर एरर नाही. साध्या डिव्हला, म्हणजे ज्याला स्वतःचा काही अर्थ नाही अशा चौकोनाला, रंग देऊन त्याचं बटण बनवलं तरी एरर नाही. पान कोणत्या भाषेत आहे ते सांगितलं नाही तर फार तर एक वॉर्निंग. म्हणजे शून्य एररचं पान निरुपयोगी असू शकतं आणि शंभर एररचं पान मस्त चालू शकतं. नियमांच्या पुस्तकात लेबल कशासाठी, बटण कशासाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण तो अर्थ पाळला का नाही हे मशीनला कळत नाही, ते माणसालाच बघावं लागतं.

माझ्याकडे एक मुलगा येतो, बी.ए. करतो, त्याला अजिबात दिसत नाही. लॅपटॉप स्वतःचा, त्यावर एनव्हीडीए नावाचं स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. ते फुकट आहे, मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये सुरू केलेलं. ह्या पोराचा टायपिंगचा स्पीड माझ्यापेक्षा जास्त आहे, मेल, व्हॉट्सॲप, पुस्तकं सगळं तो स्वतः करतो. पण एका भरती परीक्षेचा फॉर्म आला की माझ्या दुकानात. काहून? तर डब्यावर गेलं की एनव्हीडीए म्हणतं "एडिट, ब्लँक". पुढचा डबा, "एडिट, ब्लँक". आईचं नाव कुठे, पिनकोड कुठे, काही पत्ता नाही, कारण स्क्रीनवर डब्याच्या शेजारी अक्षरं लिहिलेली आहेत पण ती त्या डब्याची आहेत हे कोडमध्ये कोणी सांगितलंच नाही. लेबलचा टॅग लिहून डब्याच्या आयडीशी जोडायचा, एका डब्याला एक ओळ. बस, एवढंच काम राहिलेलं आहे. खाली सबमिटचं बटण दिसायला झकास, पण ते डिव्ह आहे, टॅबची की दाबत गेलं तर त्याला ओलांडून सरळ फुटरमध्ये जातं. जन्मतारखेचं कॅलेंडर फक्त माउसने चालतं.

मग होतं काय की तो मला सांगतो आणि मी टाइप करतो, त्याचा पासवर्ड, ओटीपी, बँकेचा खाते नंबर, जातीच्या दाखल्याचा नंबर, अपंगत्वाचा टक्का, हे सगळं भर दुकानात, मागे लाइनीत चार जण उभे असताना. मी ओळखीचा आहे म्हणून ठीक, पण चांगल्या शिकलेल्या पोराला आपला पासवर्ड दुसऱ्याला ओरडून सांगावा लागतो आणि आपण त्याला डिजिटल सेवा म्हणतो. त्या पानाला व्हॅलिडेटरने किती मार्क दिले असते मला माहीत करून घ्यायचंही नाही.

आणि हे फक्त अंधांचं दुखणं नाही. लेबल जोडलेलं असलं की "मला अटी मान्य आहेत" या अक्षरांवर बोट ठेवलं तरी टिक होते, नाहीतर थरथरत्या हाताच्या आजोबांना तो मोहरीएवढा चौकोन नेमका गाठावा लागतो. मोबाइल नंबरच्या डब्याला बरोबर टाइप दिला की फोनवर आकड्यांचा कीबोर्ड आपोआप येतो. पान बोटांनी मोठं करायला बंदी घालणारी एक ओळ कित्येक साइटांत टाकून ठेवलेली असते, कोणाच्या भल्यासाठी ते मला आजपर्यंत समजलं नाही, चष्मा घरी विसरलेला माणूस फोन कधी जवळ कधी लांब धरत बसतो.

आता मराठीचं बघा, हे तर तुमच्या वर्तमानपत्रवाल्यांना जास्त लागू आहे. 2000 च्या सुमारास मराठी साइटा प्रत्येकाच्या आपापल्या फाँटवर चालायच्या, फाँट डाउनलोड करा नाहीतर पानभर कचरा. कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपी, आतली अक्षरं खरं म्हणजे इंग्रजी कीबोर्डचीच, वरून फक्त मराठीचा चेहरा चढवलेला. युनिकोड म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना ठरलेले नंबर देणारी पद्धत, त्यात देवनागरी 1991 पासूनच होती, पण ते कोण पाळतो, आपलं काम चालून राह्यलं ना. परिणाम असा की त्या काळातला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, कॉपी केला तर नुसती चिन्हं, फाँट गेला की मजकूरही गेला. त्याच सुमारास, 2003 मध्ये, सुरू झालेला मराठी विकिपीडिया युनिकोडमध्ये होता, त्यातली जुनी पानं आजही कुठल्याही फोनवर उघडतात. तेव्हा "दिसतं ना, मग झालं" म्हणणाऱ्यांनी अख्ख्या दशकाची मराठी अशीच घालवली.

आज सगळे युनिकोडवर आले, पण भाषेचा टॅग अजून चुकीचाच. पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये लँग नावाचं एक खातं असतं, त्यात मराठीसाठी एम आर अशी दोन अक्षरं लिहायची. कितीतरी मराठी साइटांत तिथे इंग्रजीचा कोड पडून असतो, कारण तयार टेंप्लेट उचललेलं. काही ठिकाणी हिंदीचा. इंग्रजी लिहिलं की स्क्रीन वाचणारं सॉफ्टवेअर इंग्रजीचा आवाज लावतं आणि मराठी अक्षरांपुढे गडबडतं. हिंदी लिहिलं तर मराठी बातमी हिंदी उच्चारांत ऐकू येते. बरं हे ऐकणाऱ्यांचंच नाही, डोळ्यांनी वाचणाऱ्यांनाही फरक पडतो. आपला पाकळीवाला ल आणि आपल्या वळणाचा श हिंदीपेक्षा वेगळे, पण युनिकोडमध्ये दोन्ही भाषांना नंबर एकच, वळण कोणतं दाखवायचं ते चांगल्या फाँटात भाषेवरून ठरतं आणि भाषा ब्राउझरला कळते ती त्याच दोन अक्षरांवरून. अभिजात भाषेचा दर्जा मिळाला म्हणून आपण 2024 मध्ये पेढे वाटले आणि साइटवर लिहून ठेवलंय की हे पान इंग्रजी आहे, आता काय बोलावं!

त्या इंजिनिअर मुलाला एक गोष्ट पटकन पटावी म्हणून नागपूरचीच सांगतो. आपल्याकडे सिमेंट रोड झाले, गाडी कशी सुळकन जाते, वरून पाहणारा म्हणतो वा. पण जिथे रस्ता घराच्या जोत्यापेक्षा वर गेला तिथे पावसाळ्यात पाणी कोणाच्या घरात शिरतं हे त्या घरवाल्याला विचारा. गाडीवाल्याचं म्हणणं खोटं नसतं, तो फक्त त्या घरात राहत नाही.

"चालतं" म्हणजे कोणाच्या ब्राउझरमध्ये चालतं हाही प्रश्न आहेच. इंटरनेट एक्सप्लोरर 6 आला 2001 मध्ये, त्याचे नियम त्याचेच, आणि तेव्हा जवळपास सगळे तोच वापरायचे म्हणून ऑफिसांच्या साइटा त्याच्याच हिशोबाने बनल्या, खाली लिहिलेलं असायचं की ही साइट फक्त अमुक ब्राउझरमध्ये आणि तमुक रिझोल्युशनवर पाहा. आमच्यासारख्या दुकानदारांनी एक जुना कॉम्प्युटर खास तेवढ्यासाठी जपून ठेवला होता, त्याला अपडेट करायची कोणाला हिंमत नव्हती. दक्षिण कोरियात तर ऑनलाइन बँकिंगची सगळी सुरक्षा ॲक्टिव्हएक्स नावाच्या, इंटरनेट एक्सप्लोररमध्येच चालणाऱ्या तंत्रावर बांधली, म्हणून एवढ्या पुढारलेल्या देशातले लोक वर्षानुवर्षं त्या एका ब्राउझरला अडकून पडले. 15 जून 2022 ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर 11 चा सपोर्ट थांबवला तेव्हा कुठे कित्येकांना जाग आली. ज्यांनी सर्वांच्या नियमाने साइट बांधली होती त्यांना त्या दिवशी काहीच करावं लागलं नाही.

कायद्याचं म्हणाल तर आपल्याकडे कागदावर सगळं आहे. सरकारी वेबसाइटांसाठी मार्गदर्शक सूचना 2009 पासून आहेत, तिसरी आवृत्ती 2023 मध्ये आली. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, नियम 2017 चे. अडचण ही होती की कायदा "केलंच पाहिजे" म्हणतो आणि नियम ज्या सूचनांकडे बोट दाखवतात त्या "केलं तर बरं" अशा भाषेत. राजीव रतुरी यांच्या प्रकरणात 8 नोव्हेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच धरलं, तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि सरकारला तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. पुढे 30 एप्रिल 2025 च्या निकालात ॲसिड हल्ल्यातल्या पीडितांना आणि अंधांना ऑनलाइन ओळख पटवायची ई-केवायसी करता येत नाही या तक्रारीवर न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलं. आमच्या दुकानात ई-केवायसीसाठी "डोळे मिचकावा" असं फोनवर येतं तेव्हा ज्याला दिसतच नाही त्याने काय करायचं, हा प्रश्न शेवटी दिल्लीपर्यंत जावा लागला.

बाहेरच्या देशातही हे असंच भांडून मिळालं आहे. सिडनी ऑलिंपिकच्या आधी, 1999 मध्ये, ब्रूस मॅग्वायर नावाच्या अंध माणसाने तक्रार केली की ऑलिंपिकच्या साइटवर चित्रांना वर्णनच नाही आणि निकालांचे तक्ते वाचता येत नाहीत. आयोजक म्हणाले काम फार मोठं आहे, फार खर्च येईल. तक्रारदाराकडच्या तज्ज्ञांनी सांगितलं की काही आठवड्यांचं काम आहे. 2000 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मानवाधिकार आयोगाने मॅग्वायरच्या बाजूने निकाल दिला आणि आयोजकांना 20,000 ऑस्ट्रेलियन डॉलर भरावे लागले. मुद्दा चित्राच्या टॅगमधल्या एका रिकाम्या जागेचा! आणि इतक्या वर्षांनीही जग फार सुधारलं असं नाही, वेबएम नावाची संस्था दरवर्षी दहा लाख होमपेजं मशीनने तपासते, 2025 मध्ये त्यातल्या 94.8 टक्के पानांवर दोष सापडले, आणि नेहमीचे मानकरी तेच, फिकट अक्षरं, फोटोला वर्णन नाही, डब्याला लेबल नाही, लिंक रिकामी, बटण रिकामं, भाषा सांगितलेली नाही.

गंमत म्हणजे दिव्यांगांनाही साइट वापरता यावी म्हणून सुलभतेचे नियम करणाऱ्यांनीही काकांच्या व्हॅलिडेटरचा आग्रह आता सोडला आहे. त्यांच्या 2008 च्या नियमावलीत टॅग नीट उघडा नीट बंद करा असं एक कलम होतं, ऑक्टोबर 2023 च्या आवृत्तीत ते काढून टाकलं, कारण आता ब्राउझर ते सांभाळून घेतात. लेबलचं, वर्णनाचं, भाषेचं कलम मात्र जागचं हललं नाही. मला जे म्हणायचं आहे ते ह्या एका बदलात सगळं आलं.

आता "मोठ्या" वेबसाइटा म्हणजे कोणत्या. माझ्या मते व्हिजिटर किती यावरून ठरवू नये. इतवारीतल्या मिठाईवाल्याची साइट मी बनवली, तिथे एखादं बटण नीट चाललं नाही तर गिऱ्हाईक फोन करेल नाहीतर सरळ दुकानात येईल, संत्रा बर्फी काही कोणाची अडत नाही. (तरी लेबलं मी लावतोच.) पण परीक्षेचा फॉर्म, बँक, रेल्वेचं तिकीट, स्कॉलरशिप, वीजबिल, दाखले, इथे दुसरं दुकान नाही, तारीख गेली की वर्ष गेलं. जिथे माणसाला पर्याय नाही ती साइट मोठी, मग दिवसाला शंभरच लोक येवोत. तिथे नियम पाळायलाच पाहिजे, आणि सक्तीने. आणि ज्या खाजगी कंपन्यांकडे शेकडो इंजिनिअर आहेत त्यांनी डिव्हचं बटण करायचं कारण मला तरी कळत नाही, बटणाचा टॅग फुकट मिळतो.

हे सुधारायचं तर माझ्या मते टेंडरपासून. साइटचं काम देताना "वेबसाइट आकर्षक व यूजर फ्रेंडली असावी" असं मोघम लिहितात, मग ठेकेदार फिरती चित्रं लावतो आणि बिल काढतो. त्याऐवजी लिहा की माउस काढून ठेवू, फक्त कीबोर्डवर पूर्ण फॉर्म भरून, फी भरून, पावती प्रिंट करून दाखवायची, आणि मग एका अंध उमेदवाराने तेच आमच्यासमोर करून दाखवायचं, ते झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही. त्या उमेदवाराला त्या कामाचे पैसे द्या, फुकट बोलावून हार घालू नका. एका दुपारचं काम आहे. हिवाळी अधिवेशनाला सगळी खाती नागपुरात असतात, कोणा आमदाराने हा प्रश्न विचारला तर मी स्वतः विधानभवनाच्या गेटवर माउस न लावलेला लॅपटॉप घेऊन उभा राहायला तयार आहे.

आणि साहेब, तुम्ही हे पत्र छापलं तर ते तुमच्या साइटवरही जाईल. तिथे कालच पाहिलं, पहिल्या टॅगमध्ये भाषा इंग्रजी लिहिलेली आहे आणि बातम्यांच्या फोटोंच्या वर्णनात नुसतं "इमेज" असं आहे. तुमच्या आयटीवाल्यांना सांगा, भाषेचं दोन मिनिटांत होईल, फोटोंचं मात्र बातमी टाकणाऱ्याला रोज करावं लागेल. काही अडलं तर मी महालातच आहे, दुकान रविवारी दुपारपर्यंत चालू असतं.

आपला,
एक नियमित वाचक
महाल, नागपूर